खणाची पर्स विकायची कुठे: व्हॉट्सअ‍ॅपवर, मोठ्या अ‍ॅपवर की स्वतःच्या वेबसाइटवर?

परवा कोथरूडच्या एका ताईंचा फोन आला. त्या खणाच्या पर्स आणि बटवे शिवतात. डिसेंबरच्या प्रदर्शनात सगळा माल संपतो, पण पुढचे कित्येक महिने मशीन जवळजवळ बंदच असतं. "ऑनलाइन यायचंच आहे, पण नक्की कुठून सुरुवात करू?" हा त्यांचा प्रश्न. मी हेच काम सहा वर्षं करते आहे आणि तिन्ही रस्त्यांनी जाऊन आले आहे, म्हणून त्यांना सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी एका पर्सचा हिशोब मांडू, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. पर्स विकायची 450 रुपयांना. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, रविवार पेठेतून आणलेलं अस्तर आणि चेन, शिवणाऱ्या मावशींची मजुरी मिळून 230 रुपये जातात. खोका आणि पिशवीचे 15. उरले 205. कोणत्या रस्त्यावर या 205 मधले किती आपल्या हातात राहतात, तेवढंच बघायचं.

व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम धरले तर जवळपास सगळे राहतात. पैसे यूपीआयने येतात, त्यावर काही कापलं जात नाही. कुरिअरचा खर्च गिऱ्हाईक वेगळा देतं, आणि पुण्यातलं असलं तर बऱ्याचदा स्वतःच येऊन घेऊन जातं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस 2018 पासून फुकट आहे, त्यात कॅटलॉग लावता येतो, 'पेमेंट बाकी' अशी लेबलं लावता येतात. पण इथे पैशांऐवजी वेळ जातो. रील टाकलं की खाली 'प्राइस?' 'प्राइस?' अशी रांग लागते. मग फोटो मागवतात, मग "काठ अंजिरी आहे की वांगी?", मग दिवसाउजेडी काढलेला फोटो, मग "मिस्टरांना विचारून सांगते." एका पर्समागे वीस मिनिटं सहज जातात. महिन्याला चाळीस पर्सपर्यंत हे निभतं. त्यापुढे रात्री अकरालाही फोन हातातून सुटत नाही, आणि घरातले कुरकुरायला लागतात ते वेगळंच.

ब्रॉडकास्ट यादीचंही, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या सोयीचंही, गणित समजून घ्या. एका यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून प्रदर्शनात पर्स हातात देतानाच "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन रंग आले की कळवते" असं म्हणायची सवय लावा. अनोळखी नंबरांच्या याद्या विकत घेऊन मेसेज पाठवू नका. लोक रिपोर्ट करतात आणि नंबर बंद पडतो. त्या नंबरावर तुमची सगळी गिऱ्हाइकं असतात.

आता मोठी अ‍ॅप. इथे गिऱ्हाईक आयतं मिळतं, ही त्यांची खरी ताकद, आणि ती कमी लेखू नये. माझी पहिली नागपूरची ऑर्डर अशीच आली होती. कमिशनबाबतही गेल्या काही वर्षांत बरंच बदललंय. मीशोने 2021 मध्ये विक्रेत्यांसाठी शून्य कमिशन जाहीर केलं, अ‍ॅमेझॉनने 2025 मध्ये 300 रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवरचं रेफरल शुल्क, म्हणजे त्यांचं कमिशनच, काढलं. पण 'शून्य कमिशन' वाचून हुरळून जाऊ नका. पोचवण्याचा खर्च, ठरावीक शुल्क, जाहिरात, परत आलेल्या पार्सलचा भुर्दंड हे सगळं वेगळं असतं. माझ्या एका महिन्याच्या पत्रकात 450 च्या पर्सवर सगळं मिळून 135 रुपये कापलेले होते. म्हणजे 205 चे राहिले 70. दहातली एक परत आली आणि तिचे 110 रुपये माझ्याच खात्यातून गेले, की सरासरी 50 वर येते.

परत आलेल्या मालाबद्दल मात्र थांबून सांगायलाच हवं. एका जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात सहा पर्स गेल्या आणि दोन परत आल्या. कारण लिहिलं होतं 'रंग वेगळा'. एक उघडली तर आतल्या अस्तरावर हळदीचं बोट उमटलेलं, आणि खालच्या शिवणीत तीळ अडकलेले. हळदीकुंकू करून पर्स परत पाठवली होती. मी फोटो काढून तक्रार केली. चार दिवसांनी साचेबंद उत्तर आलं आणि प्रकरण बंद झालं. ती पर्स पुन्हा विकता आली नाही, म्हणजे 230 ही गेले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण ती मोरपंखी रंगाची शेवटची पर्स होती. तेव्हापासून पॅकिंग करताना व्हिडिओ काढते आणि चेनला असा टॅग लावते, की तो तुटल्याशिवाय पर्स वापरताच येत नाही.

दुसरी गोष्ट, अ‍ॅपवरचं गिऱ्हाईक तुमचं नसतं. त्याचा नंबर तुम्हाला मिळत नाही. तुमच्या पर्सशेजारीच यंत्रावर छापलेल्या नकली खणाची पर्स 199 ला दिसते, आणि फोटोत फरक कळत नाही. म्हणून माझं मत असं: ज्या वस्तूचे पन्नास नग हुबेहूब सारखे करता येतात आणि किंमत आवरता येते, ती अ‍ॅपवर टाका. छोटे बटवे, राखी, वाण म्हणून द्यायच्या पोटल्या तिथे चालतात. प्रत्येक नग वेगळा असेल तर अ‍ॅपवर त्याचं मोल होत नाही.

स्वतःच्या वेबसाइटचा मोह सगळ्यांना होतो. मलाही पहिल्याच वर्षी झाला होता. वेबसाइटवर पैसे स्वीकारून देणारी सेवा, म्हणजे पेमेंट गेटवे, साधारण 2 टक्के घेते, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 450 वर अकराएक रुपये. कुरिअर फुकट दिलं नाही तर लोक शेवटच्या पायरीवरून परत जातात, म्हणून ते 70 आपल्यावर. राहिले 124. पण नवं गिऱ्हाईक आपोआप येत नाही, जाहिरात करावी लागते. मला एका ऑर्डरमागे जाहिरातीचे 110 पडले. उरले 14. तेच जुनं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक दाबून आलं तर 124 पूर्ण राहतात आणि वीस मिनिटांची बोलणीही वाचतात. निदान दीडशे-दोनशे बायका दुसऱ्यांदा घ्यायला आल्याशिवाय वेबसाइटवर पैसा घालू नका.

ओएनडीसीबद्दलही विचारणा होते. ते एखादं अ‍ॅप नाही, वेगवेगळ्या अ‍ॅपना जोडणारं जाळं आहे. कंपनी 2021 च्या डिसेंबरमध्ये स्थापन झाली. माझ्यासारखीला त्यातून अजून फारसं काही हाती लागलेलं नाही, तेव्हा सुरुवात तिथून नको. गूगल मॅपवरची नोंद मात्र आजच करा. ती फुकट आहे, आणि 'खणाची पर्स कोथरूड' असं शोधणारी बाई पैसे घेऊनच निघालेली असते.

एआयने फोटो सुंदर करून देणारी साधनं आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. मागचा पसारा काढायला जरूर वापरा. कापडाच्या रंगाला हात लावू देऊ नका, कारण खणाची चमक वाढवली की तीच पर्स 'रंग वेगळा' म्हणून परत येते. इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या मुलीला पर्स भेट देऊन रील करून घेणार असाल तर तिने ते उघड लिहायला हवं. जाहिरात मानक परिषदेचा तसा नियम 2021 पासून आहे.

जीएसटीचं नीट लक्षात ठेवा. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात अ‍ॅपवरूनही नोंदणीशिवाय विकता येतं, फक्त जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पण बेंगळुरूची एक ऑर्डर घेतली तरी ती राज्याबाहेरची विक्री होते आणि तिला उलाढालीची सूट लागू होत नाही. काही हस्तकला वस्तूंना सवलत आहे. आपली पर्स त्यात बसते का, ते सीएला विचारून घ्या.

त्या ताईंकडे सध्या चाळीस पर्स आणि प्रदर्शनातल्या वहीत नव्वद नंबर आहेत. मी त्यांना म्हटलं, आधी त्या नव्वद जणींना एकेक करून स्वतः मेसेज करा, गौरी-गणपतीच्या आधी. सोबत वांगी आणि अंजिरी रंगाचे खिडकीच्या उजेडात काढलेले फोटो पाठवा. अ‍ॅपवर फक्त बटवे. वेबसाइटचं पुढच्या भीमथडीच्या प्रदर्शनानंतर बघू.