समुद्र दिसतो, छज्जा नाही: रत्नागिरीतलं भाड्याचं घर, पावसाळा काढल्यानंतर

डिपॉझिटमधून १,८०० रुपये 'खिडकी दुरुस्ती' म्हणून वळते केल्याचा मालकांचा मेसेज परवा आला, म्हणून आजच लिहायला बसले. नाहीतर दिवाळी होईपर्यंत चालढकल केली असती.

मी सोलापूरची. नोकरी बँकेतली, पहिलीच पोस्टिंग रत्नागिरी. फेब्रुवारीत घरं पाहिली, तेव्हा एक बीएचके आठ ते बारा हजारांच्या दरम्यान सांगत होते. नाचणे, साळवी स्टॉप, कुवारबाव, मारुती मंदिर या भागांत पर्याय भरपूर होते. रेल्वे स्टेशन गावापासून लांब, त्यामुळे महिन्यातून दोनदा घरी पळणाऱ्याने कुवारबाव बघावं, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. मी मात्र मुरुगवाड्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं. भाडं ९,५००, डिपॉझिट ३०,०००. कारण उघड आहे: हॉलच्या खिडकीतून समुद्र दिसतो. मालक डोंबिवलीला असतात. एकटी मुलगी, लग्न कधी, पाहुणे कोण येणार, ही चौकशी फोनवर यथासांग झाली. ती सगळीकडेच होते, तिचे गुण कापत नाही.

एप्रिलपर्यंत हे घर पाचपैकी पाच होतं. संध्याकाळी वारा असा की पंखासुद्धा बंद. विजेचं बिल पाहून आईने फोटो मागवला. मासे बंदरावरून आणले की स्वस्त. मे महिन्यात शीळ धरणाची पातळी खाली गेली आणि नळाला एक दिवसाआड पाणी सुरू झालं, पण सोलापूरच्या माणसाला एक दिवसाआड पाणी म्हणजे चैन. त्याबद्दल तक्रार करणारे शेजारी बघून मला हसू यायचं.

मग जून लागला.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे नोकरीचा आदेश आला तेव्हाच वाचलं होतं. तो सरळ खाली पडत नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. नैर्ऋत्येकडून वारा येतो आणि पाऊस आडवा येतो. त्याला इथे झड म्हणतात. माझी हॉलची खिडकी बरोबर त्याच दिशेला, आणि तिच्यावर छज्जा नाही. बिल्डरने दर्शनी भाग 'मॉडर्न' दिसावा म्हणून छज्जाच दिलेला नाही, सपाट भिंतीत सपाट काच. आता मी या गावातून चालताना लोकांची घरं बघत नाही, छज्जे बघते.

पहिल्या मोठ्या झडीच्या रात्री दोन वाजता पायाला गार लागलं म्हणून उठले. हॉलभर पाणी. खिडकी घट्ट बंद, कडी लावलेली, तरी पाणी आत. टॉर्च मारून पाहिलं तर सरकत्या काचेखालचा ॲल्युमिनियमचा रूळ काठोकाठ भरलेला आणि त्यात पाणी बुडबुडे काढत उसळत होतं. वाऱ्याचा झोत आला की उसळायचं, आतल्या कडेवरून भिंतीवर ओघळायचं, तिथून माझ्या गादीत. गादी कापसाची, घरून आणलेली. ती वाळवायला ऊन लागतं, आणि ऊन गणपतीनंतर. सोलापुरी चादरींचं तर बोलायलाच नको, त्या जुलैभर दोरीवर होत्या आणि वास इमारतभर.

सकाळी मालकांना फोन केला. "अगं, कोकणात पाऊस आहेच, थोडं ॲडजस्ट करायचं." मी म्हटलं, "काका, पाऊस बाहेर असेल तर मी ॲडजस्ट करते." चार फोन आणि एका व्हिडिओनंतर त्यांनी माणूस पाठवला. त्याने बाहेरून सगळ्या फटींत सिलिकॉन मारलं, वीस मिनिटांत काम आटोपलं आणि निघून गेला. पुढच्या झडीला पाणी दुप्पट आलं.

इथून पुढे मी या खिडकीचा अभ्यास केला, तो इतका की ऑफिसात आता मला खिडकीवाली म्हणतात. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूला दोन-तीन चपटी भोकं असतात. रुळात पाणी येणार हे गृहीतच धरलेलं असतं. ते या भोकांतून बाहेर पडावं अशी ती रचना. आमच्या भोकांत आधीच रंगाचे पापुद्रे आणि वाळू होती, आणि त्या माणसाने उरलीसुरली भोकं सिलिकॉनने बुजवली. म्हणजे पाण्याला जायला एकच वाट राहिली, माझा हॉल. शिवाय बाहेर वाऱ्याचा दाब जास्त असला की भोकातून पाणी बाहेर पडण्याऐवजी हवा आत घुसते आणि पाणी रुळात चढतं. त्यासाठी रुळाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा चांगली उंच हवी. आमच्याकडे दोन्ही सारख्याच, बोटाच्या एका पेराएवढ्या.

एका उघडिपीच्या रविवारी ब्लेडने सिलिकॉन कापलं, हेअरपिनने भोकं कोरली, मग्याने पाणी ओतलं. ते सर्रकन बाहेर गेलं. इतका आनंद मला पहिल्या पगाराचा झाला नव्हता. खर्च शून्य रुपये. आणि मालक मात्र भोकं बुजवणाऱ्याचे १,८०० माझ्याकडून घेणार! दुरुस्ती कुणाची, बिल कुणाचं, बिघाड कुणी केला, काही ताळमेळच नाही.

भोकं मोकळी झाल्यावर नव्वद टक्के पाणी थांबलं. उरलेलं दहा टक्के शेजारच्या काकूंनी थांबवलं. "मेणकापड नाही लावलंस गो अजून? आम्ही मे महिन्यातच लावून टाकतो." तेव्हा लक्षात आलं की आमच्या रांगेतल्या सगळ्या खिडक्यांवर निळं कापड होतं, फक्त माझी समुद्र बघत उघडी. जुन्या जांभ्याच्या घरांना पुढे पडवी असते आणि पावसाआधी तिच्या उघड्या बाजूला झाप बांधतात. त्या लोकांनी झडीचा बंदोबस्त घर बांधतानाच केला होता. आमच्या बिल्डरने नळाच्या तोट्या मात्र महागातल्या बसवल्या आहेत.

म्हणजे ज्या दृश्याचे मी जास्त पैसे मोजते, ते जून ते सप्टेंबर निळ्या प्लास्टिकमागे असतं. हे गणित नाचण्याच्या ८,००० च्या घराशी लावून बघा. हजार-दीड हजाराचा फरक, वर्षातले चार महिने शून्य उपयोग.

खाऱ्या हवेचं थोडक्यात: ग्रिल गंजते, कुलूप अडकतं (खोबरेल टाका, चालतं), स्कूटरच्या सायलेन्सरला पुटकुळ्या येतात, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी. कपाटात रात्री साधा पिवळा बल्ब लावून ठेवला तर कपडे वाचतात, पण बल्बला कापड टेकू देऊ नका. मिऱ्याच्या बाजूला किनाऱ्याची धूप हा वेगळाच विषय आहे. २०२० च्या निसर्ग वादळात तिथे येऊन रुतलेलं बसरा स्टार जहाज ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. अगदी पहिल्या रांगेत घर घेणार असाल तर बंधारा कुठपर्यंत आलाय ते चालत जाऊन बघा.

गणपतीत मालकांचा फोन आला: पाच दिवस आम्हाला घर लागेल, तू तेवढी मैत्रिणीकडे जा. इथे अशी पद्धत बऱ्याच मुंबईकर मालकांची आहे, मे महिन्यातही होतं. माझ्या ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात असं काही नव्हतं, त्यामुळे नाही म्हटलं. करार नोंदवलेला असावाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, डिपॉझिट धरूनही माझं तीनशेच्या आसपास गेलं. त्यासाठी 'नोटरी करू, खर्च वाचेल' म्हणणाऱ्या मालकापासून लांब राहा.

आता ऑक्टोबर. कापड काढलंय, काच पुसलीय, संध्याकाळी पुन्हा पंखा बंद. त्यामुळे सोडायचं ठरवलेलं घर सोडणार नाहीये, याचं मुख्य कारण विजेचं बिल आणि दुसरं म्हणजे शिफ्टिंगचा टेम्पो फुकट येत नाही. पाचपैकी साडेतीन. नव्याने बघणाऱ्यांनी घर शक्यतो जुलैत बघावं. उन्हाळ्यात बघत असाल तर पश्चिमेच्या भिंतीला खाली हात लावून बघा, पोपडे हाताला लागतात का, आणि खिडकीखाली नवा रंग एकाच पट्ट्यात दिसला तर तो पट्टा का रंगवला ते विचारा. हेअरपिन सोबत न्या.

नूतनीकरण जानेवारीत आहे. कच्च्या करारात मी दोन ओळी वाढवून पाठवल्यात: पावसाळ्यापूर्वी खिडकीवर पत्र्याचा छज्जा मालकांच्या खर्चाने, आणि १,८०० परत. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.