टाटामोबाइलचा गंजलेला पत्रा घरी बदलला: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमची टाटामोबाइल, म्हणजे टाटांची पिकअप गाडी, १९९१ ची. वडिलांनी वर्षानुवर्षं रत्नागिरीहून वाशीला तिच्यातून आंब्याच्या पेट्या नेल्या, मधले काही हंगाम मासळीसुद्धा. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या कडेने झिरपायचं, शिवाय समुद्राची हवा बाराही महिने. दोन्ही दारांखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जायचा. डावं मडगार्डही गंज धरायला लागलं होतं. मार्च-एप्रिलमध्ये सगळं काम अंगणात स्वतः केलं. आता डिसेंबर आहे, गाडी पूर्ण पावसाळा उघड्यावर होती. आता बोलायला हरकत नाही.

दारांखाली गंज शिल्लक ठेवलाच नाही. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत गेलो. तळहाताएवढं वाटलेलं भोक दीड फुटांचं निघालं! २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) पत्रा आणला. जीपी, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा, मुद्दाम टाळला, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि ०.८ मिमीच्या वेल्डिंग तारेने नुसते टाके मारले: एक इथे, पुढचा वीतभर लांब, मग पत्रा निवेपर्यंत थांबायचं. पहिल्या दाराखाली घाईत सलग वेल्डिंग ओढलं, तर पत्रा पापडासारखा उचलला. तो तुकडा कापून नवा बसवावा लागला. नंतर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर, वरून रंग, आणि शेवटी आतल्या पोकळीत मेणाचा फवारा. दारांच्या तळाची, पाणी निघायची भोकं मातीने बुजली होती, तीही मोकळी केली. वडील अजून रोज सकाळी तिथे अंगठा दाबून बघतात. आजवर एकही फोड नाही.

मडगार्डला मात्र मी चुकलो. गंज वरवरचा वाटला, म्हणून तारेचा ब्रश फिरवून रस्ट कन्व्हर्टर लावलं. त्यातलं फॉस्फरिक आम्ल गंजाचं फॉस्फेट करतं हे खरं, पण पातळ गंजाचंच. पापुद्रे असले तर वरचा थर काळपट होतो आणि आतला गंज तसाच राहतो. त्यावर पुट्टी आणि रंग. श्रावणात हेडलाइटमागे तांदळाएवढा फोड दिसला, गणपतीपर्यंत तो रुपयाएवढा झाला. नखाने उचलला तर पुट्टी खालून ओली. वाकून चाकाच्या बाजूने हात घातला, तर बोटभर ओला चिखल पत्र्याला चिकटून बसलेला. त्या बाजूला मी ब्रशसुद्धा लावला नव्हता, आणि गंज तिथूनच बाहेर येत होता.

कन्व्हर्टर वाईट नाही. चॅसीवर हलका गंज होता तिथे ते छान टिकलंय. पण त्यावर पुट्टी भरून भोक झाकायचा विचार असेल तर पैसे वाचवा आणि पत्रा कापा. पुट्टी पाणी पिते.

पुढच्या महिन्यात बोल्ट काढून मडगार्ड खाली उतरवणार आहे. या वेळी काम चाकाकडच्या बाजूने सुरू करायचं, आणि आंब्याच्या पहिल्या पेट्या निघायच्या आत संपवायचं.