सौदा घरातला, पैसा बाहेरच्यांचा

सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी म्हटली की ७ जानेवारी २००९ आठवतो, तिचे संस्थापक रामलिंग राजू यांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली तो दिवस. फसवणुकीचा वास मात्र तीन आठवडे आधीच आला होता. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने मायटास प्रॉपर्टीज संपूर्ण आणि मायटास इन्फ्राचा ५१ टक्के हिस्सा, मिळून १.६ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. सॉफ्टवेअर कंपनीला जमीनजुमला कशाला? मायटास राजू कुटुंबाच्या, एवढंच उत्तर.

हिशेब बघा. सत्यममध्ये प्रवर्तकांचा, म्हणजे राजू कुटुंबाचा वाटा जेमतेम साडेआठ टक्के. तिजोरीतून शंभर रुपये गेले तर साडेएक्याण्णव बाहेरच्या भागधारकांचे. मायटासमध्ये कुटुंबाचा वाटा त्याच्या कितीतरी पट. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, आयएसबी या व्यवस्थापन संस्थेचे डीन होते, तरी ठराव मंजूर! न्यूयॉर्कमध्ये सत्यमचा एडीआर (अमेरिकी बाजारात शेअरऐवजी विकली जाणारी पावती) निम्म्याहून खाली कोसळला, तेव्हा कुठे काही तासांत सौदा मागे घेतला.

कबुलीत कळलं की दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या शिलकेतले ५,०४० कोटी नव्हतेच, ३७६ कोटींचं येणं व्याजही कागदावरचं. मायटासचा सौदा म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणायचा शेवटचा प्रयत्न होता. प्रवर्तकांचे शेअर गहाण होते, तेही उशिरा बाहेर आलं. त्यानंतर बाजार नियामक सेबीने गहाण शेअर जाहीर करणं सक्तीचं केलं. आता दर तिमाहीच्या भागधारणा तक्त्यात तो रकाना असतो.

एखाद्या उद्योगसमूहातल्या कंपनीचे शेअर घेताना एकत्रित (उपकंपन्यांसह मांडलेल्या) ताळेबंदावर थांबू नका. उपकंपनीला दिलेलं कर्ज त्यात वजा होऊन दिसेनासं होतं. फक्त त्या कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदातली ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ (प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या कंपन्या) ही टीप काढा, तीन वर्षांची शेजारी ठेवा. कर्ज, आयसीडी (एका कंपनीने दुसरीकडे ठेवलेली ठेव), हमी, ब्रँडची रॉयल्टी. रक्कम दरवर्षी फुगतेय आणि परत काहीच येत नाही, तर ते कर्ज नव्हे, देणगी. कंपनी स्वतः १० टक्क्यांनी कर्ज उचलून भावंड कंपनीला ६ ने देतेय का, तेही पाहा. मिळालेल्या व्याजाला सरासरी बँक शिलकेने भागा. मुदत ठेवीच्या दरापेक्षा उत्तर फारच खाली आलं तर पैसा कुठे आहे हे विचारा.

आणि मोठ्या घरगुती सौद्याला भागधारकांची मंजुरी लागते. त्यात संबंधित पक्षांना बाजूने मत देता येत नाही, म्हणून किरकोळ मतांना तिथे खरं वजन असतं. ई-व्होटिंगचा ईमेल आपण न उघडताच पुसतो, हीच प्रवर्तकांची सोय.