इसबगोल, जवसाची चटणी आणि तळजाई: आठ महिन्यांचा माझा कोलेस्टेरॉलचा अनुभव

जानेवारीतल्या रिपोर्टमध्ये माझं एकूण कोलेस्टेरॉल 246 आलं, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल 170. वय 52, पाळी थांबून दीड वर्ष झालेलं. शुगर आणि बीपी दोन्ही ठीक. डॉक्टरांनी आधी थायरॉईड तपासायला लावलं, कारण थायरॉईड कमी पडत असेल तरी एलडीएल वाढतं. ते नॉर्मल निघालं. पाळी गेल्यावर एलडीएल चढणं बऱ्याच बायकांमध्ये दिसतं, हेही तेव्हाच कळलं. "काही महिने खाण्यापिण्याकडे आणि चालण्याकडे नीट बघा, मग गोळीचं ठरवू," असं ते म्हणाले.

माझी पहिली चूक अशी की मी खाण्यापिण्यातलं काहीच न बदलता मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून शुद्ध गुग्गुळाच्या गोळ्या आणि अर्जुनसालीचं चूर्ण आणलं. डॉक्टरांना सांगितलं नाही. पाचव्या आठवड्यात दोन्ही हातांवर लाल पुरळ उठलं, रात्रभर खाज. सहाव्या आठवड्यात तपासलं तर एलडीएल 173. मग वाचायला बसले. गुग्गुळाबद्दल आपल्याकडचे जुने अभ्यास चांगले आहेत, पण 2003 साली अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, त्यात गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उलट थोडं वाढलं होतं आणि काहींना पुरळही आलं होतं. ते वाचून गोळ्या बंद केल्या, डॉक्टरांना सगळं सांगितलं. आठवड्याभरात पुरळ गेलं.

खरा फरक पडला तो मार्चपासून, इसबगोलाने. आपल्या घरी ते पोट साफ व्हायला घेतात, म्हणून मला आधी विश्वासच बसेना. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त तयार करतं. इसबगोलाचा भुसा आतड्यात फुगून त्या पित्तातली आम्लं धरून ठेवतो आणि बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. औषधी वनस्पतींमधला हा एकच प्रकार मला पूर्णपणे पटला.

प्रमाण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजलं: दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी 5-5 ग्रॅम. मोठा ग्लासभर पाणी किंवा पातळ ताक, त्यात भुसा टाकायचा, दोनदा ढवळायचं आणि लगेच प्यायचं. फोन आला म्हणून मी एकदा ग्लास ओट्यावर ठेवून गेले. परत आले तर चमचा त्यात उभा राहत होता, खळ केल्यासारखा. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी, असं कधीच करू नका, घशात अडकतो. सुरुवात एका चमच्यापासून करा. मी एकदम पूर्ण प्रमाण घेतलं आणि दहा दिवस पोट गच्च राहिलं. दुसरी कुठली गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

खाण्यात सगळ्यात जड गेली ती चहाबरोबरची खारी. पुण्यात संध्याकाळच्या चहाला खारी नाही म्हणजे चहाच झाला नाही! खारीत वनस्पती तूप असतं. त्यातल्या ट्रान्स फॅटवर (हीही एलडीएल वाढवणारी चरबी) 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण पाम तेलातली संपृक्त चरबी राहतेच. खारीच्या जागी आता फुटाणे. वरणभातावर साजूक तूप एक छोटा चमचा, रोज नाही. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागायचं, आता अडीच. जवस मंद आचेवर भाजून, लसूण-तिखट घालून चटणी करते. अख्खा जवस तसाच बाहेर पडतो, कुटूनच खायचा. गव्हात चौथा हिस्सा जवाचं पीठ मिसळते. दळायला टाकताना जव आणि जवस यांत घोळ होतो, स्वतः बघून द्या.

आठवड्यातले पाच दिवस पहाटे तळजाई टेकडीवर पाऊण तास चालते. चालण्याने ट्रायग्लिसराईड (रक्तातली दुसरी चरबी) 160 वरून 130 वर आलं असावं आणि साडेतीन किलो वजन उतरलं.

जूनमध्ये एलडीएल 146, सप्टेंबरमध्ये 138. एकूण 210. डॉक्टरांना 130 च्या खाली हवंय, म्हणून अजून पूर्ण समाधान नाही. पण माझ्यासाठी हा फरक मोठा आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. माझ्या धाकट्या भावाची अँजिओप्लास्टी झाली आहे. माझे आकडे ऐकून त्याने स्वतःची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी बंद करून इसबगोल सुरू केलं. मला तीन आठवड्यांनी कळलं. मी त्याला हात धरून डॉक्टरांकडे नेलं. ज्यांना हार्टचा त्रास झालाय, मधुमेह आहे किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल फार चढं आहे, त्यांनी गोळी सोडायची नाही, हे सगळं गोळीच्या जोडीला करायचं. नात्यातल्या एकीने परदेशातून 'नैसर्गिक' म्हणून लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूल आणल्या होत्या. त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे लोवास्टॅटिन हे स्टॅटिनच, तेही न मोजलेलं. त्या मी परत दिल्या.

पुढची तपासणी दिवाळीनंतर. यंदा तळलेल्या पोह्यांऐवजी पातळ पोह्यांचा भाजका चिवडा करायचा, हे सासूबाईंनी स्वतःहून कबूल केलंय.