बर्गरचं गुणपत्रक: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सहा जणांनी मिळून मुंबईतले बर्गर चाखायचे आणि गुण द्यायचे, यासाठी केलेल्या गुणपत्रकाचा हा नऊ महिन्यांनंतरचा अनुभव. असा गट जमवायचा बेत असेल त्यांना पत्रक जसंच्या तसं उचलता यावं, म्हणून आकडे आणि कारणं सविस्तर दिली आहेत. आधी निकाल सांगतो: सर्वांत उपयोगी ठरलेला रकाना म्हणजे "शेवटचा घास", आणि काढून टाकावा लागलेला रकाना म्हणजे "एकूण गुण".

सुरुवातीला दहापैकी गुण होते. ते चाललं नाही. दहापैकी द्यायचे म्हटलं की जो तो सात देतो आणि महिनाभरात सगळी हॉटेलं साडेसहा ते साडेसातमध्ये गोळा होतात. आता प्रत्येक रकान्याला 0 ते 4 एवढेच गुण, आणि प्रत्येक आकड्याला लिहिलेला अर्थ. बनसाठी उदाहरण द्यायचं तर: 0 म्हणजे हातात फाटला, 1 म्हणजे खालचा भाग चिखल झाला, 2 म्हणजे टिकला पण चवीला काहीच नाही, 3 म्हणजे टिकला आणि नीट भाजलेला, 4 म्हणजे नुसता बन मागून खावासा वाटला. अर्थ लिहिलेला असला की वाद कमी होतात. सहा जणांच्या गुणांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा काढून उरलेल्या चारांची सरासरी घ्यायची. गुण फोनवर आपापले भरायचे आणि सगळ्यांचे भरून झाल्याशिवाय टेबलावर बर्गरबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हा नियम एकदा जरी मोडला तरी पहिला बोलणाऱ्याचं मत बाकीच्या पाच जणांच्या पत्रकात उतरलेलं दिसतं.

दुसरी चूक मापदंडाची. बर्गरवरचं बहुतेक लेखन गोमांसाच्या पॅटीला धरून आहे: 80 टक्के मांस, 20 टक्के चरबी, मध्ये गुलाबी. मुंबईत ही फूटपट्टी लागत नाही. मॅकडोनाल्ड्सने 1996 मध्ये दिल्लीपाठोपाठ वांद्र्यात दुकान उघडलं तेच गोमांस आणि डुकराचं मांस वगळून, त्यामुळे इथल्या बहुतेकांची बर्गरशी ओळख बटाट्याच्या किंवा चिकनच्या पॅटीनेच झाली. महाराष्ट्रात गोहत्येवर 1976 च्या कायद्याने बंदी होतीच, मार्च 2015 पासून बैल आणि वळूही तिच्यात आले. तेव्हा इथल्या हॉटेलात मेन्यूवर "बफ" किंवा "टेंडरलॉइन" असं लिहिलेलं असतं ते म्हशीचं मांस. ते जास्त गडद लाल असतं, त्यात चरबी कमी, आणि जी असते ती पांढरी व घट्ट. गोमांसाचेच निकष लावले तर चांगल्यातली चांगली बफ पॅटीही उगाच नापास होते.

म्हणून आता तीन वेगळे तक्ते आहेत: शाकाहारी, चिकन आणि बफ. तिन्हींची बेरीज करून एक यादी काढायचा मोह होतो, पण पनीरच्या जाड चकतीची आणि बफ स्मॅशची (तापल्या प्लेटवर दाबून पातळ केलेल्या पॅटीची) तुलना म्हणजे पुरणपोळी आणि मिसळ यांतलं सरस कोणतं हे ठरवण्यासारखं आहे. "एकूण गुण" हा रकाना म्हणूनच गेला.

बफच्या तक्त्यात पॅटी बिघडते ती मुख्यतः तीन कारणांनी. एक, नुसत्या टेंडरलॉइनचा, म्हणजे पाठीच्या कण्यालगतच्या मांसाचा खिमा. हा भाग महाग आणि मऊ, पण त्यात चरबी जवळपास नसते. पॅटी भाजली की भुसभुशीत होते आणि घासागणिक पाणी प्यावं लागतं. जाणती हॉटेलं चरबी वेगळी मिसळतात. दोन, खिम्यातच मीठ कालवून ठेवणं. मिठाने मांसातली प्रथिनं विरघळून एकमेकांना चिकटतात आणि पॅटी सॉसेजसारखी रबरी होते. मीठ वरून आणि तव्यावर टाकायच्या क्षणी लावायला हवं. ओळखायची खूण सोपी: पॅटी काट्याने उकला. दाणे सुटे झाले तर ठीक, सुरीने कापल्यासारखा सलग गुळगुळीत तुकडा निघाला तर मीठ आत गेलेलं आहे. तीन, ब्रेडचा चुरा आणि आलं-लसूण घातलेली पॅटी. ती चविष्ट असते, पण तो कबाब झाला. त्याला आम्ही पॅटीच्या रकान्यात 2 पेक्षा जास्त देत नाही, शेऱ्यात मात्र कौतुक लिहितो.

आतला रंग बघून शिजलं की नाही हे ठरवू नये, विशेषतः बफच्या बाबतीत. मांस मुळातच गडद असल्याने पूर्ण शिजलेली पॅटीही लालसर दिसू शकते. टोचायचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो सोबत ठेवावा. खिम्याची पॅटी मध्यभागी 71 अंश सेल्सिअस, चिकन 74 अंश. खिम्याच्या पॅटीला "मीडियम रेअर" (आतून अर्धवट कच्ची) विचारणारा वेटर भेटला तर नम्रपणे पूर्ण शिजवलेलीच मागा. अखंड मांसाच्या तुकड्यावरचे जंतू बाहेरच्या अंगाला असतात, दळल्यावर ते आतपर्यंत पोचतात.

स्मॅश बर्गर हल्ली वांद्रे, अंधेरी, लोअर परळ सगळीकडे झाला आहे, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. 55 ते 60 ग्रॅमचा गार गोळा अतिशय तापलेल्या लोखंडी प्लेटवर ठेवून पहिल्या तीस सेकंदांत दाबायचा, ही पद्धत. नंतर दाबलं तर वितळलेली चरबी बाहेर पळते आणि पॅटी कोरडी होते. मांसाचा पृष्ठभाग 140 अंशांच्या वर गेला की तपकिरी कवच धरू लागतं, सगळी चव तिथे आहे. कडा जाळीदार आणि कुरकुरीत दिसायला हव्यात. पॅटी करडी आणि सारख्या जाडीची असेल तर प्लेट पुरती तापली नव्हती किंवा एका वेळी खूप गोळे टाकले होते. म्हणूनच दुकान उघडताक्षणी जाऊ नये, आणि रविवारी रात्री नवाच्या गर्दीतही जाऊ नये. आठवड्याच्या दिवसातली संध्याकाळची साडेसातची वेळ सर्वांत न्याय्य वाटली: प्लेट पुरती तापलेली असते आणि स्वयंपाकी घाईत नसतो.

चिकनच्या तक्त्यात मांडीचं मांस की छातीचं, इथेच अर्धे गुण ठरतात. मांडीत चरबी जास्त, त्यामुळे तळणाऱ्याचं दोन मिनिटं जास्त झालं तरी ती माफ करते. छाती माफ करत नाही. छातीचा तुकडाच हवा तर तो ताकात किंवा मिठाच्या पाण्यात काही तास मुरवलेला असावा लागतो. कवच पॅटीपासून सुटून हातात येत असेल तर तुकडा कोरडा न करताच पीठ लावलेलं असतं. दळलेल्या चिकनची पॅटी हा वेगळा प्रकार, आणि खरं सांगायचं तर नऊ महिन्यांत त्या प्रकाराला पॅटीच्या रकान्यात 4 कोणीच दिले नाहीत.

शाकाहारी बर्गरकडे मांसाहारी मंडळी दुर्लक्ष करतात, तेव्हा हा तक्ता श्रावणात भरायचा असं ठरवलं आणि तो सगळ्यांत उद्बोधक निघाला. बटाट्याच्या पॅटीची अडचण चवीची नसून घडणीची आहे. दाबलं की ती बनमधून मागच्या बाजूने बाहेर येते. उकडलेल्या बटाट्यात पाणी राहिलं, किंवा मटार-गाजर जास्त झालं की हे होतं. पोहे किंवा ब्रेडचा चुरा ते पाणी धरून ठेवतो. पाहायचं ते बाहेरचं कवच, कारण आतल्या मऊ सारणाला आधार तेवढाच. राजमा किंवा काळ्या चवळीची पॅटी जास्त भक्कम असते. जैन बर्गर मागवला तर कच्च्या केळ्याची पॅटी मिळण्याची शक्यता असते. केळं कोरडं शिजत असल्याने ती बटाट्यापेक्षा चांगली टिकते, हे मला स्वतःला अनपेक्षित होतं. वनस्पतीजन्य "मांसा"च्या पॅटीत बहुधा मेथिलसेल्युलोज असतं. ते गरम असताना घट्ट होतं आणि गार होताना पुन्हा सैल पडतं. पहिला घास मांसासारखा आणि शेवटचा पिठल्यासारखा का लागतो, याचं उत्तर त्यात आहे.

तर शेवटचा घास. बर्गर समोर आल्यापासून दहा मिनिटांचा गजर लावायचा आणि एक तुकडा तेव्हासाठी राखून ठेवायचा. पहिला घास जवळपास सगळीकडे चांगला लागतो. भूक, गरम चीज आणि भाजलेल्या लोण्याचा वास मिळून पहिल्या घासाला कोणीही 3 देतो. दहा मिनिटांनी रचना उघडी पडते. रस खाली झिरपून बनचा तळ भिजला का? चीज तुपकट होऊन वेगळं झालं का? लेट्यूस न झटकता घातल्याने पाणी सुटलं का? प्रक्रिया केलेल्या चीज स्लाइसला लोक नाकं मुरडतात, पण तिच्यातल्या क्षारांमुळे चरबी आणि पाणी एकत्र राहतात, तर मुरलेलं चेडर तापलं की त्यातून तेल सुटतं. बर्गरवर साधी स्लाइस बरी, असं मत मी नऊ महिन्यांनी ठामपणे मांडतो.

तळ वाचवायचा तर बनच्या आतल्या दोन्ही बाजू लोण्यावर नीट भाजलेल्या हव्यात, मग मेयोसारखा स्निग्ध सॉस, मग लेट्यूस, त्यावर पॅटी. टोमॅटो पॅटीच्या खाली आला की सगळं संपतं. ब्रिऑश (अंडी-लोणी घातलेला मऊ) बन दिसायला छान, पण गोड असतो. गोड बन, गोड कांदा आणि गोड सॉस एकत्र आले तर आंबट काहीतरी हवंच. तिथे पिकल लागतं. पिकल म्हणजे आपलं लोणचं नव्हे, व्हिनेगरमधली काकडी. तिच्याऐवजी बरेच जण हालापेन्यो ही मेक्सिकन मिरची घालतात, त्याने तिखटपणा वाढतो पण चरबी कापायला हवा तेवढा आंबटपणा मिळतोच असं नाही. लादीपावाचा बर्गर काही ठिकाणी मुद्दाम "मुंबई पद्धतीचा" म्हणून देतात. वड्याला लादीपाव उत्तम, कारण वडा कोरडा असतो. रसाळ पॅटीखाली तो पाच मिनिटं तग धरत नाही. त्याच्या कुशीला कवचच नसतं.

पावसाळ्यात बनचे गुण सगळीकडे घसरले. दमट हवेत वरचं कवच चिकट होतं हे एक कारण. दुसरं म्हणजे बुरशीच्या भीतीने बन फ्रिजमध्ये ठेवणं. फ्रिजच्या तापमानाला पावातलं पिष्ट सर्वांत वेगाने घट्ट होतं, म्हणजे पाव लवकर शिळा लागतो. ठेवायचाच तर फ्रीझरमध्ये. जून ते सप्टेंबरमधले गुण म्हणून कंसात लिहितो आणि त्या हॉटेलची दुसरी फेरी ऑक्टोबरनंतर करतो.

मोजमापाचं सामान थोडकं आहे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, थर्मामीटर, दातेरी सुरी. सहा जणांत एकाच प्रकारचे तीन बर्गर मागवून दोन-दोन भाग करायचे. चार तुकडे करू नयेत, रस ताटात जातो आणि मेळाचे, म्हणजे सगळे थर एकत्र कसे लागतात याचे गुण चुकतात. एक पॅटी बनमधून काढून तोलायची. 150 ग्रॅमची कच्ची पॅटी शिजल्यावर साधारण 110 ते 115 ग्रॅम भरते. मेन्यूवर 150 लिहून काट्यावर 80 आले तर विचारायला हरकत नाही. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेन्यूवर उष्मांक आणि एका वाढपाचं माप देणं बंधनकारक आहे, तो आकडा पडताळायला सोपा पडतो. मागवायचा तो मेन्यूवरचा सर्वांत साधा चीज बर्गर. कुलाब्याच्या वुडसाइड इनसारख्या ठिकाणी बर्गर-बिअरचा खास महोत्सव असतो, त्यातले पदार्थ मजेने खावेत, तक्त्यात धरू नयेत. क्रम सौम्य ते तिखट, मध्ये साधं पाणी, पेरी-पेरी शेवटी. एका दिवशी दोनपेक्षा जास्त हॉटेलं नकोत, तिसऱ्या ठिकाणी सगळ्यांची जीभ बधिर झालेली असते.

भावाचा रकाना रुपयांत न ठेवता शिजलेल्या पॅटीच्या 100 ग्रॅममागे रुपये असा ठेवला. 5 टक्के जीएसटी धरायचा, सेवा शुल्क धरायचं नाही. ते ऐच्छिक आहे, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. हिशेब असा मांडल्यावर "परवडणारा" म्हणून नावाजलेला बर्गर कधीकधी महागड्यापेक्षा महाग निघतो, कारण पॅटी चार घासांची असते आणि बाकी सगळा बन.

पार्सलचे गुण या तक्त्यांत मिसळू नका. बंद डब्यात वाफ कोंडते आणि पंचवीस मिनिटांत उत्तम कवचही ओलं होतं. स्मॅशची पातळ पॅटी सर्वांत आधी गार पडते, जाड पॅटी आणि तळलेली मांडी त्यातल्या त्यात तगतात. सॉस वेगळा मागावा, डब्याला भोकं आहेत का ते पाहावं, आणि बन घरी कोरड्या तव्यावर अर्धा मिनिट उलटा धरावा.

प्रत्येक हॉटेलला किमान दोन फेऱ्या, मध्ये तीन आठवडे. एखाद्या रकान्यात दोन गुणांचा फरक आला तर तिसरी फेरी करायची. असा फरक बहुतेक वेळा बनमध्ये आणि शेवटच्या घासात येतो, पॅटीत क्वचितच. स्वयंपाकी बदलला असेल तरच.