घराचा विमा: एकदा हात हलवत परत आलो, एकदा पैसे मिळाले

आमचं घर चिपळूणला, पेठमापात. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मागच्या अंगाला पडवी आणि पडवीला लागून सासऱ्यांनी लावलेला फणस. या फणसाचा पुढे संबंध येणार आहे.

आधी पूर. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी ओटीवर चढलं. २००५ चा पूर आम्ही काढलेला होता, म्हणून त्या हिशेबाने तांदळाचं पिंप आणि गाद्या टेबलावर चढवल्या. दहाच्या सुमारास टेबलच तरंगायला लागलं. आम्ही दोघं आणि मांजर पोटमाळ्यावर बसून फ्रिज आडवा होताना बघत होतो. फ्रिज तरंगतो, हे मला छत्तीस वर्षं शाळेत शिकवूनही माहीत नव्हतं.

पाणी उतरल्यावर चार दिवस नुसता चिखल उपसला. पाचव्या दिवशी यांना आठवलं, "अगं, घराचा विमा आहे की आपल्या!" २०१७ साली घराच्या दुरुस्तीला कर्ज काढलं होतं, तेव्हा बँकेने विम्याचे म्हणून एकवीस हजार रुपये कर्जातूनच वळते केले होते. आमच्याकडचा कागद लगदा झालेला. बँकेतून नक्कल आणली, चष्मा लावून वाचली. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडेल, असं त्यात होतं. घराच्या भिंती, छप्पर, सामान यांचा अवाक्षरही उल्लेख नाही. म्हणजे पैसे मिळायला यांनी पुरात जायला हवं होतं. यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "तेवढं आता जमायचं नाही."

बँकेचा दोष किती आणि आमचा किती, यावर घरात अजून एकमत नाही. पण ज्यांच्या कर्जाच्या कागदांत 'गृहकर्ज विमा' असं काही आहे, त्यांनी आज उठून ते वाचावं. तो बहुतेक वेळा कर्जदाराच्या जिवाचा विमा असतो. काही बँका घराचाही विमा उतरवतात, पण तो बऱ्याचदा नुसत्या बांधकामाचा, कर्जाच्या रकमेइतका. आतल्या कपाट-पलंगाशी बँकेला काय करायचंय?

एप्रिल २०२२ मध्ये आम्ही स्वतःहून विमा घेतला, 'भारत गृह रक्षा' नावाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याने फारसा फरक पडत नाही. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ही पॉलिसी नमुना म्हणून ठरवून दिली आहे. आगीचा विमा करणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ती विकावीच लागते आणि मूळ मजकूर सगळीकडे तोच. तेव्हा 'आमच्यात हे जास्त आहे' असं कुणी म्हणालं तर ते मूळ पॉलिसीतलं आहे की वरून पैसे देऊन जोडलेलं, एवढं विचारायचं. फरक हप्त्यात, जोडण्यांत आणि दावा आल्यावर माणूस फोन उचलतो का, यात.

एजंट माझाच चौथीतला विद्यार्थी निघाला. "बाई, सगळं कव्हर होतं, तुम्ही फक्त सही करा." मी म्हटलं, "सगळं म्हणजे काय, ते वाचून दाखव." बिचाऱ्याने ओटीवर बसून पाऊण तास मोठ्याने वाचलं. मध्ये दोनदा चहा झाला. त्या वाचनातून आम्हाला दोघांनाही जे कळलं ते असं.

आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, झाड किंवा दुसरं काही घरावर आदळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं आत. म्हणजे आम्हाला ज्यासाठी हवा होता तो पूर मुळातच आहे, वेगळे पैसे नाहीत. चोरीचं मात्र नीट ऐका. यातलं एखादं संकट आलं आणि त्यानंतर सात दिवसांत घरातून काही चोरीला गेलं, तरच भरपाई. आपण गणपतीला गावाला गेलो आणि मागे कुणी कुलूप फोडलं, तर या पॉलिसीत काही नाही. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. "सगळं कव्हर होतं" इथे पहिल्यांदा अडखळलं.

दुसऱ्यांदा अडखळलं दागिन्यांवर. सोनं-चांदी, चित्रं वगैरे मौल्यवान वस्तू हव्या असतील तर किंमत आधी ठरवून वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. रोकड, कागदपत्रं, गाडी बाहेर. तिसऱ्यांदा यांच्या आगळावर. हे दर उन्हाळ्यात कोकमाचं आगळ आणि आमसुलं करून ओळखीपाळखीत विकतात, पडवीत बरण्यांची रांग असते. पॉलिसीतलं 'सामान' म्हणजे घरच्या वापराचं. विक्रीचा माल त्यात धरत नाहीत. लहान धंद्यांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची निराळी पॉलिसी आहे, असं तो म्हणाला. वीस बरण्यांसाठी आम्ही उद्योगपती व्हायचं नाही असं ठरवलं. पण ज्या बायका घरात शिवण किंवा फराळाचा धंदा करतात, त्यांनी हा प्रश्न जरूर विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

आता रक्कम किती धरायची? इथे आमच्या पुण्याच्या दिरांनी फोनवरून गोंधळ घातला. "घराची किंमत साठ लाख, साठ लाखांचा काढा." साठ लाखांत जमीन आली की! जमीन जळत नाही आणि आमच्या बाजूला तरी वाहूनही जात नाही. विमा फक्त बांधकामाचा असतो. आतलं क्षेत्रफळ गुणिले आज तसंच बांधायला येणारा खर्च. आमचं ९०० चौरस फूट, गवंड्याला विचारून दर धरला १८००. झाले सोळा लाख वीस हजार. सामानासाठी या रकमेच्या २० टक्के आपोआप मिळतात, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, यादी न देता. आमचे तीन लाख चोवीस हजार झाले. घरात त्याहून जास्त वस्तू असतील तर यादी देऊन वाढवता येतं. आमच्या घरात त्याहून जास्त काही उरलंच नव्हतं.

या पॉलिसीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. आगीच्या विम्यात जुना नियम असा की वीस लाखांच्या घराचा दहा लाखांचाच विमा काढला आणि चार लाखांचं नुकसान झालं, तर कंपनी म्हणणार, तुम्ही निम्माच विमा काढलात, मग नुकसानही निम्मंच देऊ. दोन लाख घ्या. इथे ती कापाकापी माफ आहे. विम्याच्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही, पण त्या मर्यादेत झालेलं नुकसान पूर्ण धरतात. शिवाय पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची घेता येते आणि लांब मुदतीची घेतली तर रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. आम्ही पाच वर्षांची घेतली. जीएसटीसकट चार हजार सातशे. वर्षाला हजाराच्या आत. आमच्या मोबाइलचं रिचार्ज याहून जास्त होतं.

तर आता फणस.

२०२५ च्या मे महिन्यात पावसाने कोकणात लवकर मुक्काम ठोकला ते तुम्हाला आठवत असेल. त्यातल्याच एका रात्री तीनच्या सुमाराला मागे कडाड झालं. फणसाची मोठी फांदी, चांगली माझ्या कमरेएवढी जाड, पडवीवर आणि स्वयंपाकघराच्या पाख्यावर. कौलं फुटली, तीन वासे मोडले, दोन वाकले, ओट्यावरची शेगडी चेपली आणि पाण्याचा फिल्टर भिंतीसकट खाली. फणस मात्र एक धड राहिला, तो नंतर भाजीला वापरला.

सकाळी एजंटला फोन लावला. "बाई, सर्व्हेअर येईपर्यंत कशाला हात लावू नका." सर्व्हेअर म्हणजे नुकसान तपासायला कंपनी पाठवते तो माणूस. बाहेर धो धो पाऊस, आत चुलीवर पाणी. मी म्हटलं, "अरे, तीन दिवस स्वयंपाकघर भिजत ठेवू?" मग शाखेत थेट फोन केला. तिथल्या ताईंनी व्यवस्थित सांगितलं, आधी सगळीकडून फोटो काढा, मग ताडपत्री घाला. नुकसान वाढू नये म्हणून खटपट करणं हे तुमचंच काम आहे. हे लक्षात ठेवा. मी एकोणतीस फोटो काढले, फुटलेली कौलं मोजून एका बाजूला रचली. एकशे छत्तीस.

सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आला. शांत माणूस, पायातले बूट काढून आत आला. शिडीवर चढला, मोडलेला एकेक वासा हातात घेऊन बघितला. दोन वाकलेले वासे त्याने नखाने खरवडले, तर भुसा गळला. वाळवी. म्हणाला, "आजी, हे फांदीने गेलेले नाहीत. हे आधीच गेले होते, फांदीने फक्त सांगितलं." मला राग आला, पण खोटं नव्हतं. झीज, वाळवी, जुनी ओल हे विम्यात येत नाही. ओट्यामागच्या भिंतीचा रंगही त्याने अर्धाच धरला, कारण खालच्या अर्ध्या भागाला पुरापासूनची ओल होती.

फ्रिजचंही असंच. फांदीनंतर दीड दिवस वीज नव्हती. आली ती दाब वरखाली करत आली आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला. मी तोही यादीत लिहिला होता. त्याने वाचलं आणि पेनाने हलकी रेघ मारली. विजेच्या दाबाने किंवा शॉर्टसर्किटने उपकरण स्वतः जळलं तर ते या पॉलिसीत नाही. त्यातून आग लागून शेजारचं कपाट जळलं असतं तर कपाटाचे पैसे मिळाले असते. म्हणजे फ्रिजने जाताना कुणाला तरी बरोबर न्यायला हवं होतं.

आमचा एकूण खर्च झाला ५२,३००. मान्य झाले ४१,०००. आणि यावर ढिगारा उपसण्याचे वेगळे, दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८२० रुपये. फांदी कापून रस्त्यापर्यंत ओढायला माणसाने घेतले साडेचार हजार. आठशे वीस रुपयांत आमच्याकडे फांदीच्या जवळ जाऊन उभं राहायलाही कुणी येत नाही. माझी या पॉलिसीबद्दलची खरी तक्रार एवढी एकच. झाडाबिडांच्या कोकणात दोन टक्के म्हणजे थट्टा आहे.

कागद मागितले ते असे: दाव्याचा अर्ज, फोटो, सुताराचं आणि कौलांचं बिल, आधार, पॅन, रद्द केलेला चेक. सुताराने बिल कागदाच्या पुडीवर लिहून दिलं होतं, ते चाललं नाही. त्याच्या मुलाकडून पावतीपुस्तकावर परत घेतलं, त्यात आठवडा गेला. पैसे पाचव्या आठवड्यात खात्यात. मध्ये मी दोनदा शाखेत जाऊन बसले. बसावं लागतं. प्रकरण अडलंच असतं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग पुण्याला विमा लोकपालांकडे जाता येतं, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही.

फ्लॅटवाल्यांसाठी थोडं. दिरांच्या सोसायटीने इमारतीचा विमा उतरवला आहे, म्हणून ते निर्धास्त. मी त्यांना विचारलं, वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून तुमच्या फर्निचरवर पाणी आलं तर? ते गप्प. सोसायटीचा विमा इमारतीचा, घरातलं सामान ज्याचं त्याने बघायचं. नुसत्या सामानाचीही ही पॉलिसी मिळते. भाडेकरूही घेऊ शकतो. आणि वर्षानुवर्षं झिरपणारी बाथरूमची ओल म्हणजे पाइप फुटणं नव्हे, हे सांगितल्यावर ते आणखी गप्प.

पाचपैकी गुण द्यायचे तर पॉलिसीला साडेतीन. दीड गुण ढिगाऱ्याचा आणि चोरीचा कापला. शाखेतल्या ताईंना पाच, एजंटला दोन. त्यातला एक पाऊण तास वाचल्याबद्दल.

पाच वर्षं एप्रिल २०२७ मध्ये संपतात, तेव्हा नूतनीकरण आहे. गवंडी आता दर २२०० सांगतो, तेव्हा रक्कम नव्याने मांडायची आहे. वासे या खेपेला आम्ही आधीच तपासून घेतले, तीन बदलले, वाळवीचं औषध मारलं. पॉलिसीची एक प्रत मुलाकडे, एक फोटो माझ्या फोनमध्ये, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत पोटमाळ्याच्या आढ्याला टांगलेला. एजंटचा नंबर आता लागत नाही, तो म्हणे गाड्या विकायला लागला. म्हणून शाखेचा फोन नंबर यांनी मार्करने भिंतीवर लिहून ठेवलाय, २०२१ च्या पाण्याची रेघ आहे तिच्या वीतभर वर.