हुमणी की वाळवी? सेल्युलोज पचवणारे जिवाणू शोधताना

एमएस्सीच्या प्रकल्पाला सेल्युलोज (वनस्पतींच्या पेशीभित्तीतला मुख्य घटक) पचवणारे जिवाणू हवे असतील, तर कोल्हापूर परिसरात दोन कीटक सहज मिळतात: उसाच्या मुळाशी हुमणी (भुंगेऱ्याची अळी) आणि बांधावर वाळवी. हाताशी एकच सत्र असेल आणि अनएरोबिक जार (प्राणवायूविना जिवाणू वाढवायची बरणी) नसेल, तर हुमणीच घ्या.

कारण आतड्यातच आहे. हुमणीचं मागचं आतडं पिशवीसारखं फुगलेलं असतं. मुळांचे तंतू तिथे रेंगाळतात, जिवाणू ते आंबवतात आणि तयार झालेलं अॅसिटेट अळी शोषून घेते. त्याआधीचं मधलं आतडं अल्कधर्मी. याच कुळातल्या काही अळ्यांत पीएच 10 च्याही वर जातो. त्यातून तगलेले जिवाणू पीएच 9-10 च्या प्लेटवर वाढण्याची आशा जास्त. शिवाय तिसऱ्या अवस्थेतली एकच अळी एका नमुन्याला पुरते.

वाळवीचं आतडं जेमतेम मायक्रोलिटरभर, म्हणून 30-50 कामकरी एकत्र करावे लागतात. आपल्याकडची ओडोंटोटर्मिस वाळवी तर बुरशी पाळणारी. लाकूड फोडण्याचं बरंचसं काम तिच्या घरातली टर्मिटोमायसिस बुरशी करते, त्यामुळे श्रेय जिवाणूंना किती द्यायचं हा प्रश्न उरतोच. पण जार असेल, तर वाळवीसारखा विषय नाही. आतडं इतकं बारीक की कडेने प्राणवायू आत झिरपतो: कडेला तो वापरणारे जिवाणू, मध्यभागी तो न सोसणारे.

हुमणी जुलै ते ऑक्टोबर गाठा. वाळवी वर्षभर मिळते. शेतात मेटारायझियम (कीटक मारणारी बुरशी) किंवा कीटकनाशक टाकलंय का, हे शेतकऱ्याला आधी विचारा. पूजेचं वारूळ खणू नका, आत सापही असू शकतो; मातीचा थर चढलेली वाळकी साल पुरते.

पुढची कृती दोन्हींना जवळपास सारखीच. हुमणी 24 तास उपाशी ठेवा, म्हणजे पोटातली माती निघून जाते. वाळवी मात्र ओल्या फिल्टर पेपरवरच ठेवा, कोरडी पडली की मरते. 70% अल्कोहोलमध्ये एक मिनिट बुडवून निर्जंतुक सलाइनने तीनदा धुवा. शेवटचं धुवण प्लेटवर पसरायला विसरू नका: बॅसिलसचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, आणि तिथे वसाहती आल्या तर त्या आतड्यातल्या म्हणता येणार नाहीत. आतडं 0.85% सलाइनमध्ये कुस्करा, 10⁻⁶ पर्यंत विरल करा, 1% सीएमसी (पाण्यात विरघळणारं सेल्युलोजचं रूप) अगारवर 30 अंशांना 3-5 दिवस ठेवा. मग 0.1% काँगो रेड हा रंग 15 मिनिटं आणि 1 मोलर मिठाच्या पाण्याने धुणं; सेल्युलोज पचलेल्या जागी वसाहतीभोवती फिकट वलय दिसतं.

बहुतेकांचं चुकतं ते वेगवेगळ्या पीएचच्या प्लेटवर वाढ तपासताना. पीएच वाढवणारं सोडियम कार्बोनेट वेगळं निर्जंतुक करून नंतर मिसळा. आम्लधर्मी प्लेटवर काँगो रेड निळं पडतं, तिथे वलय मोजू नका. बुरशी रोखायला घातलेलं सायक्लोहेक्सिमाइड अल्कधर्मी माध्यमात टिकत नाही, म्हणून आधी साध्या पीएचला वसाहती शुद्ध करा. वलय दिसलं म्हणजे फक्त एंडोग्लुकानेज (सेल्युलोजची साखळी मधेच तोडणारं विकर) सिद्ध झालं. अख्खं सेल्युलोज पचतं का, हे फिल्टर पेपरची पट्टी द्रव माध्यमात विरघळते का यावरून ठरवा.